आर. पी. एम.ची सहावी आवृत्ति

पार्सल घरीं आलें म्हणजे आपण प्रथम काय पाहतों? वरचें नांव, वजन, आणि लाखेची मोहोर फुटली तर नाहीं ना! संगणकावर नवीं साधनें येतात तींही अशाच बांधलेल्या पार्सलांतून येतात, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. लिनक्स प्रणालीच्या रेड हॅट, फेडोरा, सुसे इत्यादि शाखांत हीं पार्सलें बांधण्याचें व सोडण्याचें काम आर. पी. एम. नांवाचें साधन करतें. तें १९९५ सालीं रेड हॅट ह्या अमेरिकन कंपनींत जन्मलें. त्याचा मूळ मजकूर सर्वांस खुला आहे. कोणीही तो वाचावा व दुरुस्ती सुचवावी.

प्रत्येक पार्सलाच्या आरंभीं एक यादी असते. तींत नांव, आवृत्तीचा अंक, फाइलींचे आकार, आणि तें चालण्यास दुसरीं कोणतीं पार्सलें आधीं हवींत, हें लिहिलेलें असतें. सोबत एक ठसा असतो. हा ठसा म्हणजे मजकुरावर ठराविक गणित करून काढलेली संख्या. आंतील एक अक्षर बदललें कीं तीही बदलते. शिवाय बांधणाऱ्याची सांकेतिक सही.

चौथ्या आवृत्तीची मालिका २००० सालीं सुरू झाली व पाव शतक चालली. तेवढ्या काळांत ठशांचें गणितच कच्चें ठरलें! एम. डी. ५ ह्या रीतीनें दोन भिन्न मजकुरांचा ठसा एकच निघूं शकतो, हें वांग शियाओयुन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००४ सालीं दाखविलें. शा-१ ची तीच गत २०१७ सालीं झाली. नवा, भक्कम ठसा मागाहून जोडला गेला, तरी जुने यादींत राहिलेच. आकाराच्या रकान्यांतही मुळांत चार गिगाबाइटपर्यंतचाच आंकडा मावे. पुढें जादा रकाने जोडून वेळ निभावली. म्हणून सहावी बांधणी आंखतांना जुने ठसे काढून टाकले व रकाने रुंद केले.

मग पांचवी कोठें गेली? २००७ च्या सुमारास मूळ मंडळींतून फुटलेल्या एका शाखेनें तो अंक आधींच घेतला होता. वर्गांत एका नांवाचे दोन मुलगे असले म्हणजे हजेरीच्या वेळीं काय होतें, तें वाचकांस सांगावयास नको.

माझ्या मतें ह्या योजनेंतील सर्वांत अवघड निर्णय सहीविषयींचा होता. पूर्वी बिनसहीचें पार्सल हें साधन निमूटपणें सोडी. सहीची सक्ति करणें वरच्या दुसऱ्या साधनांवर सोंपविलेलें असे. नवी आवृत्ति असें पार्सल स्वतःहून नाकारते. परंतु घरच्या घरीं स्वतःसाठीं पार्सल बांधणाऱ्या गरीब बिचाऱ्यानें काय करावें? त्याच्यासाठीं बांधतांनाच आपोआप सही होण्याची सोय केली. ती नसती तर लोकांनीं तपासणीच बंद करून टाकली असती. तसेंच एका पार्सलावर अनेक सह्या करतां येऊं लागल्या. सहीची किल्ली बदलावयाची झाल्यास जुनी व नवी दोन्ही सह्या कांहीं काळ शेजारीं राहूं शकतात, आणि जुन्या यंत्रांची अडवणूक होत नाहीं.

सप्टेंबर २०२५ मध्यें ही आवृत्ति बाहेर पडली. तिला दोन्ही बांधणींचीं पार्सलें वाचतां येतात व बांधतांही येतात. फेडोराच्या त्रेचाळिसाव्या आवृत्तीनें नवें साधन लगेच घेतलें. पार्सलें मात्र त्या वेळीं जुन्याच बांधणीचीं ठेवलीं.