तळ्यावर बदकं हजारो, पण कोणती?

मुंबईहून नागपूर, गोंदियामार्गे हावड्याला जाणाऱ्या गाडीत तुम्ही कधी बसला असाल, तर हावड्याच्या थोडं अलीकडे संत्रागाछी स्टेशन लागतं. स्टेशनला लागूनच एक मोठं तळं आहे. नोव्हेंबर उजाडला की त्यावर बदकं उतरू लागतात. थंडी वाढते तशी त्यांची गर्दीही वाढते आणि कॅमेरे घेतलेली माणसं काठावर जमतात.

हे तळं रेल्वेच्या जागेत आहे. त्या रेल्वेचं मुख्यालय नदीपलीकडे, कोलकात्याच्या गार्डन रीचमध्ये आहे. आजची ही दक्षिण पूर्व रेल्वे म्हणजे 1887 साली सुरू झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेची वारस. विदर्भाशी तिचं नातं नावातच होतं! अवधचे पदच्युत नवाब वाजिद अली शाह 1856 मध्ये कोलकात्याला आले आणि याच परिसरातल्या मटियाबुर्जमध्ये राहिले. त्यांच्या प्राणिसंग्रहात पक्ष्यांचा मोठा भरणा होता. ते पक्षी हौसेने पाळलेले होते. तळ्यावरचे पक्षी मात्र स्वतःच्या मर्जीने येतात, आणि एखाद्या वर्षी आले नाहीत तर त्याचं कारण शोधावं लागतं.

‘सायबेरियाचे पाहुणे’ सगळेच नसतात

हिवाळ्यातल्या पाणपक्ष्यांना आपण सरसकट ‘सायबेरियाहून आलेले’ म्हणून मोकळे होतो. संत्रागाछीच्या तळ्यावर बहुतांश बदकं असतात ती अडई. बंगालीत त्यांना सराल म्हणतात. हा आपल्याच देशातला पक्षी. तो झाडाच्या ढोलीत घरटं करतो आणि पाण्याच्या सोयीनुसार इकडून तिकडे हलतो. तलवार बदक, गडवाल, भुवई बदक हे खरे लांबचे प्रवासी. ते हिमालयापलीकडच्या थंड प्रदेशांतून येतात, पण या तळ्यावर त्यांची संख्या अडईच्या मानाने फारच थोडी असते.

आता विचार करा. कुणी वहीत नुसतं लिहिलं, ‘आज तळ्यावर हजारो बदकं’. दहा वर्षांनीही त्याला हेच लिहिता येईल. मधल्या काळात तलवार बदकं यायची थांबली, तरी अडईच्या गर्दीत ते कुणाला कळणारही नाही. म्हणून किती पक्षी आले याइतकंच कोणते आले, हेही महत्त्वाचं.

एका तळ्याची नोंद पुरत नाही

समजा, यंदा संत्रागाछीला तलवार बदकं दिसली नाहीत. दोष तळ्याचा की आणखी कशाचा? हे एकट्या तळ्याकडे पाहून सांगता येत नाही. बंगालच्या इतर पाणथळ जागांवर, आपल्या नवेगावबांधला, भिगवणला, नांदूर मधमेश्वरला ती नेहमीइतकी आली असतील, तर बिघाड बहुधा याच तळ्यावर आहे. सगळीकडेच कमी झाली असतील, तर कारण दूर कुठेतरी आहे: विणीच्या जागी किंवा वाटेवर.

उपाय त्यावर अवलंबून असतो. संत्रागाछीच्या तळ्यावर जलपर्णी माजते. ती सगळं पाणी झाकू लागली तर बदकांना पोहायला जागा उरत नाही. सगळीच काढली तर बसायला जागा उरत नाही. म्हणून हिवाळ्याआधी जलपर्णी काढताना तिची थोडी बेटं मुद्दाम ठेवली जातात. अडई रात्री चरायला भातशेतांकडे जाते आणि दिवसा तळ्यावर विसावा घेते, त्यामुळे ही बेटं म्हणजे तिचं अंथरूणच. किती बेटं ठेवायची, हे ठरवायला मागच्या वर्षांचे आकडे लागतात. नुसत्या आठवणींवर ते ठरत नाही.

असे आकडे गोळा करण्याची व्यवस्था आज आहे. आशियाई पाणपक्षी गणना 1987 पासून दर जानेवारीत होते. फेब्रुवारीच्या मध्यात चार दिवस ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ असतो. भारत त्यात 2013 पासून सहभागी आहे. 2023 च्या मोजणीत भारतातून 1067 जातींची नोंद झाली आणि राज्यांमध्ये सर्वाधिक, 489 जाती, पश्चिम बंगालमधून नोंदल्या गेल्या. त्याच वर्षी भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा एक मोठा अहवाल आला. त्यासाठी सुमारे 30,000 पक्षीनिरीक्षकांच्या 3 कोटी नोंदी वापरल्या गेल्या. त्यांतले बहुतेक तुमच्या-आमच्यासारखेच हौशी लोक. लांब पल्ल्याचे प्रवासी पक्षी झपाट्याने घटताहेत, हे या साध्या नोंदींतूनच दिसलं.

तुम्ही काय करू शकता?

जवळचं तळं, नदीकाठ, शाळेचं मैदान किंवा घराची गच्ची, यांपैकी एक जागा ठरवा. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी पंधरा मिनिटं थांबा. तारीख, वेळ, जागा, पक्ष्याचं नाव आणि संख्या लिहा. मोबाइलवर ‘ईबर्ड’ ॲप असेल तर ही नोंद थेट जगभरच्या नोंदींत जाऊन मिळते.

मोठा थवा मोजायचा असेल तर आधी दहा पक्षी मोजा, तेवढी जागा डोळ्यांत धरा आणि तसे किती दहा बसतील ते पाहा. मुलांना हा खेळ फार आवडतो. नाव ओळखता आलं नाही तर ‘अनोळखी बदक’ लिहा, अंदाजाने नाव ठोकू नका.

कावळे, चिमण्या, साळुंक्या वगळू नका. गार्डन रीचच्या नदीकाठी शेपटी हलवत फिरणारा धोबी किंवा तारेवर बसलेला तपकिरी खाटीक बदकांइतका नजरेत भरत नाही, पण तोही हिवाळ्याचाच पाहुणा आहे. आणि काहीच दिसलं नाही, तर तेही लिहा. ‘गेल्या डिसेंबरात इथे धोबी होता, यंदा नाही’ हे सांगायला दोन्ही वर्षांच्या नोंदी हव्यात.

एक पथ्य मात्र पाळा. फोटोसाठी टाळ्या वाजवून थवा उडवू नका. रात्रभर चरून आलेल्या पक्ष्याची ती झोपेची वेळ असते.

घरातल्या आजीआजोबांना विचारा, त्यांच्या लहानपणी गावच्या तळ्यावर कोणती बदकं यायची. त्यांना नावं आठवतील, पण आकडे बहुधा आठवणार नाहीत, कारण तेव्हा कुणी लिहून ठेवले नव्हते. तुमच्या नातवंडांनी हाच प्रश्न विचारला, तर दाखवायला तुमच्याकडे वही असू द्या. येत्या रविवारी सकाळी पहिलं पान लिहा.