गाभण म्हशीला पेंड, पोटुशीला अर्धी भाकरी

“लय खाऊ नगं गं. पॉर मोठं झालं म्हंजी अडशील.”

हे वाक्य किती ठिकाणी ऐकलं याची मोजदाद मी केव्हाच सोडून दिली. तपासणीच्या रांगेत ऐकलं, एस.टी.त ऐकलं, आणि कहर म्हणजे डोहाळजेवणात ऐकलं. तिथे फोटोपुरती पंचपक्वान्नांची ताटं मांडतात आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच मुलीच्या ताटात अर्धी भाकरी येते. परवा पुणे जिल्ह्यातल्या पाबळला एका ओट्यावर बसले असताना पुन्हा तेच कानावर आलं. सून सातव्या महिन्यात, हाताच्या काड्या झालेल्या. सासूबाई प्रेमळ होत्या, हे मुद्दाम सांगते, कारण या सल्ल्यामागे दुष्टावा नसतो, भीती असते. गोठ्यात म्हैसही गाभण होती. तिला शेवटच्या दोन महिन्यांत सरकी पेंड वाढवायची असते, हे त्यांनीच मला समजावून सांगितलं. नाहीतर रेडकू मरतुकडं होतं, म्हैस दुधाला बसत नाही. मी सुनेकडे पाहिलं. सासूबाईंनी पाहिलं नाही.

मुळात ही समजूत येते कुठून? शेवटच्या महिन्यांत वाढलेली गर्भपिशवी जठराला वर दाबते. दोन घासांत पोट भरल्यासारखं वाटतं, जळजळतं, धाप लागते. त्यावरून ‘एकाच पोटात अन्न आणि पोर, जागा किती पुरणार’ हा हिशोब तयार होतो. हा हिशोब फक्त आपल्याकडचा नाही. मार्क आणि मिमी निख्टर या मानववंशशास्त्रज्ञांनी १९८३ साली कर्नाटकातल्या खेड्यांबद्दल जे लिहिलं, त्यातही गरोदर बायका जवळपास हेच बोलताना दिसतात. पण अन्न जठरात जातं, बाळ पिशवीत असतं, आणि ही दोन वेगळी घरं आहेत. जागा कमी वाटते म्हणून दिवसातून तीनऐवजी पाच-सहा वेळा थोडं थोडं खायचं असतं, एकूण खाणं कमी करायचं नसतं.

आता ‘अडण्या’बद्दल. बाई अडते ती कटीची हाडं अरुंद असतील तर, बाळ आडवं किंवा पायाळू असेल तर, कळा पुरेशा जोराच्या नसतील तर. कटीची रुंदी गरोदरपणात ठरत नाही, ती मुलीच्या वाढत्या वयात ठरते. म्हणून तर फार कमी उंचीच्या बाईच्या कार्डावर ‘जोखमीची माता’ अशी नोंद होते. म्हणजे आज सुनेची भाकरी तोडून उपयोग नाही, तिच्या लहानपणी तिच्या ताटात काय होतं हा खरा प्रश्न आहे. आणि बाळ खरोखरच फार मोठं होतं त्याचं ठळक कारण भाकरी नसून आईच्या रक्तातली साखर आहे. मोठ्या बाळाची एवढी धास्ती असेल तर ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त तपासतात ती साखरेची तपासणी करून घ्या. उपाशी ठेवणं ही त्यावरची तपासणीही नाही आणि उपचारही नाही.

कोणाला वाटेल, ही सगळी शहरातली, पुस्तकी माहिती. तर ऐका. गरोदर बाईच्या ताटावरचं जगभर वाचलं गेलेलं एक संशोधन पुणे जिल्ह्यातच झालं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत ते सुरू केलं. आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलिन फॉल त्यात होत्या. शेतात राबणाऱ्या सुमारे आठशे गरोदर बायकांचं खाणं, काम आणि बाळाची मापं त्यांनी नोंदवली. या बायकांचं गरोदर राहण्यापूर्वीचं सरासरी वजन होतं जेमतेम ४२ किलो. बाळांचं सरासरी वजन २.७ किलोच्या आत-बाहेर.

साउदॅम्प्टनच्या बाळांशी तुलना केली तेव्हा एक विचित्र गोष्ट दिसली. आपली बाळं त्यांच्यापेक्षा सुमारे आठशे ग्रॅमनी हलकी होती, पण अंगावरची चरबी त्या मानाने फारशी घटलेली नव्हती. काटकसर झाली होती ती स्नायूंची आणि पोटातल्या अवयवांची. बाहेरून काडी, आतून चरबी. याज्ञिकांची ‘थिन-फॅट’ बाळं ती हीच. मोठेपणी मधुमेहाकडे झुकणाऱ्या शरीराची सुरुवात त्यांना इथे दिसली. ‘लहान बाळ म्हणजे सुटसुटीत बाळ’ असं समजणाऱ्यांनी यावर जरा थांबून विचार करावा.

२००१ साली प्रसिद्ध झालेला दुसरा निष्कर्ष मला जास्त आवडतो, कारण तो थेट चुलीपाशी येतो. बाळाच्या मापाचा संबंध आईने एकूण किती उष्मांक किंवा किती प्रथिनं खाल्ली याच्याशी फारसा दिसला नाही. दिसला तो दूध, पालेभाजी आणि फळं किती वेळा खाल्ली याच्याशी. मेथी, शेपू, चाकवत, तांदुळजा, म्हणजे ‘वातूळ’ म्हणून पोटुशीच्या ताटातून काढतात तेच! दुधाचं तर आणखीच. शाकाहारी बाईला बी-१२ जीवनसत्त्व रोजच्या जेवणातून मिळतं ते दूध-दह्यातूनच, आणि या अभ्यासातल्या निम्म्याहून अधिक बायकांत ते कमी होतं. दूध घरात नव्हतं असं नाही. ते डेअरीच्या किटलीत होतं.

‘काम करत राहिलं की बाळंतपण सोपं’ ही याच समजुतीची जाऊबाई. हिंडणं-फिरणं चांगलंच. पण याच खेड्यांत ज्या बायकांवर पाणी वाहण्याचा आणि शेतकामाचा बोजा जास्त होता, त्यांच्या बाळांचं वजन कमी भरलं.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. दोन गोष्टी बरोबर दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही. म्हणून २००६ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत डॉ. रमेश पोतदार आणि सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष प्रयोग केला. हजारो बायकांना दिवस राहण्याच्या आधीपासून रोज पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला खाऊ दिला. सगळ्यांचा मिळून हिशोब केला तेव्हा बाळांच्या वजनात ठोस फरक दिसला नाही. ज्यांनी गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधी खायला सुरुवात केली होती, त्यांच्या बाळांत सुमारे ५० ग्रॅमची वाढ दिसली, आणि अगदी कृश बायकांना तेवढाही फायदा झाला नाही. म्हणजे सातव्या महिन्यात जागं होणं उशिराचंच. पण गरोदरपणातला मधुमेह? खाऊ मिळालेल्यांत तो ७ टक्क्यांच्या आसपास, न मिळालेल्यांत १२ टक्क्यांच्या. बाळ अवाजवी मोठं करणारा आजारच जवळजवळ निम्म्यावर आला, आणि तोही खाऊन!

बाकीच्या समजुतींवर मी एवढे शब्द खर्च करणार नाही. लोहाच्या गोळीने बाळ काळंही होत नाही आणि फार मोठंही होत नाही. चौथ्या महिन्यापासून १८० दिवस रोज एक, आणि तिच्यावर लगेच चहा नको. केशराने बाळ गोरं होत नाही, केशरवाल्याचं भलं होतं. नवव्या महिन्यात तूप प्यायल्याने बाळ घसरून बाहेर येत नाही, तूप त्या वाटेने जातच नाही. ग्रहणात भाजी चिरल्याने ओठ फाटत नाही. पोट पुढे की पसरट यावरून मुलगा-मुलगी कळत नाही. ते ठरतं बापाच्या बीजावरून, आणि आधी तपासून सांगणं हा गुन्हा आहे. नवरा-बायकोचा संबंध धडधाकट गरोदरपणात चालतो. रक्तस्राव होत असेल किंवा वार खाली असेल तर डॉक्टर सांगतील तसं.

पाबळमध्ये हे सांगताना एका गोष्टीची आठवण होते. १९८३ साली या दुष्काळी गावात विज्ञान आश्रम काढणारे डॉ. श्रीनाथ कलबाग शिक्षणाने अन्नतंत्रज्ञ होते, आणि त्यांनी घडवलेल्या शालेय अभ्यासक्रमात वेल्डिंग-सुतारकामाच्या जोडीला मुलं हिमोग्लोबिन मोजायलाही शिकतात. ज्या गावातली पोरं हे मोजू शकतात, त्या गावात वहिनीची भाकरी अंदाजाने तोडायचं काहीच कारण नाही.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार चौथ्या महिन्यापासून रोजच्यापेक्षा ३५० उष्मांक जास्त लागतात. म्हणजे ढोबळमानाने एक भाकरी आणि एक पेला दूध. ‘दोन जिवांचं खा’ म्हणून ताटं दुप्पट करायची गरज नाही. त्या सासूबाईंना मी एवढंच म्हटलं, ते तुम्हालाही म्हणते. उद्या डेअरीची किटली भरण्याआधी पेलाभर दूध बाजूला काढा. ते तिच्या हातात द्या, आणि ती पिऊन होईपर्यंत तिथेच उभ्या राहा; नाहीतर ती ते थोरल्या पोराला देऊन टाकते.