तेच नट, नवी पात्रे

एखाद्या दिग्दर्शकाने आपल्या चित्रपटांत त्याच नटांना पुन्हा पुन्हा घेणे ही बहुधा आवडीनिवडीची किंवा मैत्रीची बाब मानली जाते, आणि त्यात कंपूशाहीचा वास शोधणारेही पुष्कळ असतात. मराठी चित्रपटाचा इतिहास पाहता मात्र असे दिसते की ठरलेला नटसंच, म्हणजे दिग्दर्शकाबरोबर एका चित्रपटातून दुसऱ्यात जाणारा नटांचा गट, ही पद्धत चित्रपटाहून जुनी आहे आणि ती नाटक मंडळीच्या बिऱ्हाडातून पडद्यावर आली आहे. किर्लोस्कर नाटक मंडळी, महाराष्ट्र नाटक मंडळी, गंधर्व नाटक मंडळी यांसारख्या संस्थांत नट एका व्यवस्थेखाली राहत, एकत्र प्रवास करत आणि राजापार्ट, स्त्रीपार्ट, खलपार्ट अशा ठरावीक भूमिकाप्रकारांनी ओळखले जात. नाटक बदलले तरी माणसे तीच राहत, त्यामुळे कालचा दुष्यंत आज कोणत्या वेषात येतो याची उत्सुकता हा प्रेक्षकाच्या आनंदाचा मोठा भाग असे.

ही पद्धत आजही जेथे प्रत्यक्ष पाहायला मिळते तो प्रदेश म्हणजे वैनगंगेच्या खोऱ्यातील झाडीपट्टी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे तिच्यात मोडतात. धानाची कापणी होऊ लागली आणि भाऊबीज उलटली की या भागात गावोगावी मंडई, म्हणजे गावाची वार्षिक जत्रा, भरू लागते. मंडईच्या निमित्ताने दंडार, खडी गंमत आणि रात्रभर चालणारी नाटके होतात. पूर्वी गावातील हौशी तरुण नाटक बसवत आणि स्त्रीभूमिकांसाठी नट्या बाहेरून बोलावत. पुढे गडचिरोली जिल्ह्यातील वडसा, म्हणजे देसाईगंज, हे व्यावसायिक नाट्यमंडळांचे केंद्र झाले आणि एकेका मंडळाचा संच हंगामभर गावागावांतून फिरू लागला. येथील प्रेक्षक नटाला नावाने ओळखतो, गेल्या वर्षी त्याने कोणते काम केले होते ते लक्षात ठेवतो आणि नव्या पात्राकडे त्या आठवणीसह पाहतो. पुढे ज्या दिग्दर्शकांचा विचार करायचा आहे, त्यांच्यातील थोर दिग्दर्शकांनी प्रेक्षकाच्या याच स्मरणशक्तीवर काम केले आणि बाकीच्यांनी ती केवळ वापरली, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

मंडळीची ही व्यवस्था चित्रपटात पहिल्यांदा नीट रुजली ती प्रभात फिल्म कंपनीत. १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेली आणि १९३३ साली पुण्यात आलेली ही कंपनी नटांना पगारावर ठेवी, त्यामुळे तेच चेहरे पुन्हा दिसणे ही तेथे निवडीइतकीच व्यवस्थेची गोष्ट होती. व्ही. शांताराम यांनी दुर्गा खोटे यांना ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) आणि ‘अमरज्योती’ (१९३६) या दोन्हींत घेतले. ‘अमृतमंथन’ (१९३४) आणि ‘अमरज्योती’मधील शांता आपटे ‘कुंकू’मध्ये (१९३७) नीरा झाल्या. महाराष्ट्र नाटक मंडळीतून आलेले केशवराव दाते ‘कुंकू’मध्ये म्हातारपणी दुसरे लग्न करणारा काकासाहेब झाले, ‘शेजारी’मध्ये (१९४१) दिसले आणि शांताराम प्रभात सोडून गेल्यावरही ‘झनक झनक पायल बाजे’पर्यंत (१९५५) त्यांच्याबरोबर राहिले. दात्यांचा काकासाहेब तिरस्करणीय ठरत नाही, तर आपल्या चुकीच्या जाणिवेने हळूहळू खचत जातो, ही त्या चित्रपटाची नैतिक ताकद आहे, आणि दोन वाक्यांमधील शांतता पेलणारा नट हाताशी आहे हे दिग्दर्शकाला ठाऊक असल्यावाचून असे पात्र रचता येत नाही. दामले आणि फत्तेलाल यांनीही ‘संत तुकाराम’मध्ये (१९३६) तुकोबांच्या पत्नीचे अविस्मरणीय काम करणाऱ्या गौरी यांना ‘संत सखू’मध्ये (१९४१) सासूच्या भूमिकेत आणले, पहिल्या चित्रपटात ज्या कजाग जिभेमागे माया होती, तीच जीभ दुसऱ्यात मायेवाचून ऐकू येते.

शांताराम यांचीच पुढची वाटचाल या पद्धतीची दुसरी बाजू दाखवते. ‘अमर भूपाळी’पासून (१९५१) ‘पिंजरा’पर्यंत (१९७२) आणि त्यानंतरही संध्या या त्यांच्या नायिका होत्या. ‘दो आँखें बारह हाथ’मध्ये (१९५७) खेळणी विकणारी त्यांची चंपा मोजक्या जागेत चपखल बसते, कारण चित्रपटाचे लक्ष जेलर आणि त्याचे सहा कैदी यांच्यावर आहे; पण ‘नवरंग’ (१९५९) आणि नंतरच्या रंगीत नृत्यपटांत चित्रपट नटीसाठी रचला जाऊ लागला, आणि दिग्दर्शकाची नजर इतकी सवयीची झाली की नटीकडून नवे मागणे थांबले.

कोल्हापुरात भालजी पेंढारकरांच्या जयप्रभा स्टुडिओने वेगळे कुटुंब उभे केले. चंद्रकांत आणि सूर्यकांत हे मांढरे बंधू, तसेच भालजींनीच पडद्यावरचे नाव दिलेल्या सुलोचना त्या कुटुंबातल्या. ‘छत्रपती शिवाजी’मध्ये (१९५२) चंद्रकांत महाराजांच्या भूमिकेत होते, तर ‘मोहित्यांची मंजुळा’मध्ये (१९६३) ती भूमिका सूर्यकांत यांच्याकडे गेली. अनंत माने यांच्या तमाशापटांत जयश्री गडकर यांचे स्थान असेच पक्के होते: ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला आणि ‘सवाल माझा ऐका’पर्यंत (१९६४) प्रेक्षकाला त्यांचा सवाल-जबाब ओळखीचा झाला होता. भालजींच्याच ‘तांबडी माती’तून (१९६९) दादा कोंडके पडद्यावर आले आणि ‘सोंगाड्या’पासून (१९७१) त्यांनी स्वतःची मंडळी जमवली. उषा चव्हाण नायिका आणि रत्नमाला आई, ही योजना इतकी ठरली की प्रेक्षक ‘आये’ या हाकेचीच वाट पाही. कोंडके यांची पाळेमुळे वगनाट्यात, म्हणजे गण-गवळणीनंतर रंगणाऱ्या तमाशाच्या कथाभागात होती, आणि वगात पात्रापेक्षा सोंगाड्याचे स्वतःचे व्यक्तिमत्त्व मोठे असते. त्यामुळे पुनरावृत्ती हा त्या चित्रपटांचा दोष मानणे त्या परंपरेवर अन्याय करणारे ठरेल.

या विषयातील सर्वांत संपन्न उदाहरण डॉ. जब्बार पटेल यांचे आहे. १९७२ साली रंगमंचावर आलेल्या ‘घाशीराम कोतवाल’ने आणि त्यानंतर स्थापन झालेल्या थिएटर अकादमीने पटेलांना घडवले, आणि त्या नाटकात नाना फडणवीस साकारणारे डॉ. मोहन आगाशे त्यांच्या चित्रपटांतही आले. १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेलेल्या ‘सामना’ची संहिता विजय तेंडुलकरांची होती, त्यात डॉ. श्रीराम लागू दारूत बुडालेला, भटकत आलेला मास्तर आहेत आणि निळू फुले साखर कारखान्यावर व पंचक्रोशीवर राज्य करणारे हिंदुराव धोंडे पाटील आहेत. थोडीच वर्षे आधी ‘पिंजरा’त लागूंनीच एका आदर्श मास्तरचे अधःपतन साकारले होते. तो मास्तर स्वतःच्या प्रतिमेला वाचवण्यासाठी स्वतःचे अस्तित्व पुसून टाकतो; ‘सामना’तील मास्तर सर्वस्व गमावलेला असूनही मारुती कांबळे या माणसाचे काय झाले, हा एकच प्रश्न सोडत नाही. ‘पिंजरा’ शांतारामांचा होता, तरी ज्या प्रेक्षकाने तो पाहिला होता त्याला या दुसऱ्या मास्तरच्या पडझडीची पूर्वकथा सांगण्याची गरज उरली नव्हती.

खरी कमाल ‘सिंहासन’मध्ये (१९७९) झाली. अरुण साधू यांच्या कादंबऱ्यांवर आधारलेल्या या चित्रपटात पटेलांनी तीच जोडी घेतली आणि तिच्या जागा उलटवल्या. सत्तेला प्रश्न विचारणारे लागू येथे मुख्यमंत्रिपदासाठी फासे टाकणारे अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे झाले, आणि सत्ता स्वतःच असणारे निळू फुले ती दुरून पाहणारा, लिहिणारा आणि शेवटी तिच्या दर्शनाने खिळखिळा होणारा पत्रकार दिगू टिपणीस झाले. फुले यांच्या हिंदुरावांना पाहून धास्तावलेल्या प्रेक्षकाला त्यांच्या डोळ्यांतील असहायता दुप्पट जाणवते, कारण या माणसाला सत्ता कशी बोलते हे आतून ठाऊक आहे, असा विश्वास मागच्या चित्रपटाने आधीच दिलेला असतो. नवख्या नटाने टिपणीस उत्तम केला असता, पण हा अर्थ त्याला आणता आला नसता. नटाची आधीची भूमिका कथेचा भाग करून घेण्याचे इतके नेमके उदाहरण मराठीत दुसरे सापडणे कठीण आहे. स्मिता पाटील यांच्या बाबतीत हे वाढीच्या रूपाने घडले: ‘सामना’तील छोटी भूमिका, ‘जैत रे जैत’मधील (१९७७) आगाशे यांच्या नाग्यासमोरची चिंधी, आणि मग ‘उंबरठा’तील (१९८२) सुलभा महाजन, जिच्या खांद्यावर सबंध चित्रपट उभा आहे.

जगाच्या चित्रपटात याला तोलाची उदाहरणे आहेत. सत्यजित राय यांनी ‘अपुर संसार’पासून (१९५९) सौमित्र चट्टोपाध्याय यांना चौदा चित्रपटांत घेतले, अकिरा कुरोसावा आणि तोशिरो मिफुने यांनी १९४८ ते १९६५ या काळात सोळा चित्रपट केले. पण राय किंवा कुरोसावा यांच्या मागे काही प्रमाणात तरी स्थिर निर्मितीव्यवस्था होती. मराठी दिग्दर्शकाला बहुतेक वेळा दर चित्रपटासाठी नव्याने पैसा उभा करावा लागला. अशा वेळी ओळखीचा नट हा खर्चाचाही प्रश्न असतो, कारण ज्याला सूचना दोनदा द्यावी लागत नाही त्याच्याबरोबर चित्रीकरणाचे दिवस वाचतात.

१९८० नंतरचा विनोदी चित्रपट याच हिशेबावर उभा राहिला. सचिन पिळगावकर यांनी ‘नवरी मिळे नवऱ्याला’ (१९८४), ‘गंमत जंमत’ (१९८७), ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) यांत अशोक सराफ यांना घेतले. महेश कोठारे यांनी ‘धुमधडाका’पासून (१९८५) ‘दे दणादण’, ‘थरथराट’, ‘धडाकेबाज’ आणि ‘झपाटलेला’पर्यंत (१९९३) लक्ष्मीकांत बेर्डे यांना. या चित्रपटांनी मराठी प्रेक्षक चित्रपटगृहात टिकवून धरला, हे ऋण मोठे आहे. पण त्यांनी बेर्डे यांच्याकडून वेगळे क्वचितच मागितले. ते मागितले जब्बार पटेलांनी. पु. ल. देशपांडे यांनी लिहिलेल्या ‘एक होता विदूषक’मध्ये (१९९२) बेर्डे तमाशातून चित्रपटात आणि तेथून राजकारणात जाणारा आबुराव झाले. हसवणाऱ्या माणसाचे हसू कोण विकत घेते, हा त्या चित्रपटाचा विषय आहे आणि कोठारे यांच्या चित्रपटांतून जमलेली हशाची सगळी आठवण त्यात वेदनेत उलटते. त्या चित्रपटाला व्यावसायिक यश मिळाले नाही, ही खेदाची गोष्ट आहे. बेर्डे यांच्यातील नटाचे ते सर्वांत मोठे दर्शन होते.

पुण्याच्या सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी ठरलेल्या नटसंचाला अधिक शांत, घरगुती रूप दिले. समाजकार्याच्या क्षेत्रातून आलेल्या भावे यांचे चित्रपट आजार, एकाकीपणा आणि सांभाळ यांच्याभोवती फिरतात, आणि अशा विषयांत नटाचे शरीर वयानुसार बदलत जाताना पाहणे हाच अनुभवाचा भाग होतो. ‘दोघी’ (१९९५) आणि ‘वास्तुपुरुष’ (२००२) यांतील आईनंतर उत्तरा बावकर ‘संहिता’ आणि ‘दिठी’तही दिसतात, ‘नितळ’मधील (२००६) कोड असलेल्या नायिकेची भूमिका करणाऱ्या देविका दफ्तरदार ‘संहिता’त परततात. आगाशे यांचा प्रवास येथे पूर्णत्वाला जातो. स्वतः मनोविकारतज्ज्ञ असलेले हे नट ‘अस्तु’मध्ये स्मृतिभ्रंशाने सगळे विसरत चाललेले संस्कृत पंडित चक्रपाणी शास्त्री होतात, आणि ज्यांनी त्यांचा दरबारी नाना पाहिला आहे त्यांना हत्तीमागे मुलासारखा जाणारा हा म्हातारा पाहताना त्या हरवण्याचे मोल कळते. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवणाऱ्या ‘कासव’मध्ये इरावती हर्षे यांच्यासह ते पुन्हा आले. एप्रिल २०२१ मध्ये भावे यांचे निधन झाले, तेव्हा हा संचही एका अर्थाने विसर्जित झाला.

या सगळ्यात एक उणीव आहे आणि ती झाडीपट्टीतून अधिक स्पष्ट दिसते. कोल्हापूर, पुणे आणि मुंबई या तीन शहरांतील रंगभूमीनेच बहुतेक नटसंच पुरवले. दिग्दर्शक आपल्या ओळखीच्या वर्तुळातून नट घेत राहिला आणि ते वर्तुळ वैनगंगेपर्यंत फारसे पोचलेच नाही. नागराज मंजुळे यांनी हे वर्तुळ मोडून काढले. ‘फँड्री’ (२०१३) आणि ‘सैराट’ (२०१६) यांत त्यांनी अभिनयाची पार्श्वभूमी नसलेली मुले घेतली, आणि नागपूरच्या झोपडपट्टीतील फुटबॉलवरील ‘झुंड’मध्ये (२०२२) किशोर कदम, छाया कदम, रिंकू राजगुरू आणि आकाश ठोसर हे आपले जुने नट नव्या मुलांच्या मागे उभे केले. त्याच वर्षी तृषांत इंगळे यांचा ‘झॉलीवूड’ प्रदर्शित झाला. झाडीपट्टी रंगभूमी हाच त्याचा विषय असून त्यात तेथील कलावंतांनी भूमिका केल्या. २०२३ साली गडचिरोली जिल्ह्यातील परशुराम खुणे यांना याच रंगभूमीवरील कार्यासाठी पद्मश्री मिळाली. त्यांच्यासारख्या नटांनी भूमिकेमागून भूमिका करत जमवलेली प्रेक्षकाची आठवण भंडारा ते गडचिरोली पसरलेली आहे. तिच्यावर सलग दोन-तीन चित्रपट उभे करणारा दिग्दर्शक मराठीला अजून मिळायचा आहे.