एकच पालक, सोबत मुले आणि परदेशप्रवास: संमतिपत्र कशासाठी?

उन्हाळ्याची सुटी किंवा दिवाळी जवळ आली, की अनेक घरांत परदेशवारीचे बेत ठरू लागतात. सर्वांना एकाच वेळी रजा मिळतेच असे नाही. मग आई दोन्ही मुलांना घेऊन लंडनला बहिणीकडे जाते, किंवा वडील मुलीला सिंगापूर दाखवून आणतात. तिकिटे, व्हिसा, विमा, परकीय चलन यांची जुळवाजुळव महिनाभर आधी सुरू होते. सोबत न येणाऱ्या पालकाची लेखी संमती मात्र बहुतेकांच्या यादीत नसते. घरात सारे सुरळीत असताना असा कागद कशाला, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु परक्या देशाच्या सीमेवरील अधिकाऱ्याला आपले घर ठाऊक नसते. त्याच्यासमोर असतात ते एक प्रौढ, एक लहान मूल आणि दोन पासपोर्ट.

ही चौकशी का होते?

पती-पत्नीत बेबनाव झाल्यावर एका पालकाने दुसऱ्याला न सांगता मुलाला परदेशी नेणे आणि तिथेच ठेवून घेणे, हा प्रश्न अनेक देशांना भेडसावतो. त्यावर उपाय म्हणून २५ ऑक्टोबर १९८० रोजी हेग येथे एक आंतरराष्ट्रीय करार झाला आणि १ डिसेंबर १९८३ पासून तो अमलात आला. सोळा वर्षांखालील मुलाला असे बेकायदा नेले असेल, तर त्याला त्याच्या नेहमीच्या वास्तव्याच्या देशात परत पाठवावे आणि ताब्याचा वाद तिथल्या न्यायालयाने सोडवावा, हे या कराराचे सूत्र आहे. आज शंभराहून अधिक देश त्यात सहभागी आहेत. मूल एकदा देशाबाहेर गेले की त्याला परत आणणे किती जिकिरीचे असते, याचा अनुभव असल्याने या देशांतील अधिकारी विमानतळावरच खात्री करून घेऊ पाहतात.

मराठी कुटुंबांच्या बाबतीत नावांमुळेही शंका येऊ शकते. आपल्याकडे मुलाच्या नावापुढे वडिलांचे नाव आणि आडनाव लागते. आईने माहेरचे आडनाव कायम ठेवले असेल, तर तिच्या आणि मुलाच्या पासपोर्टवर वेगवेगळी आडनावे दिसतात. पासपोर्टच्या छायाचित्र असलेल्या पानावर आईवडिलांची नावे नसतात. त्यामुळे नाते सिद्ध करण्यासाठी मुलाचा जन्मदाखला सोबत असणे इष्ट ठरते. काही दाखल्यांवर मुलाचे नावच नोंदवलेले नसते. जन्मनोंद झाली, पण बारशानंतर नाव घालायचे राहून गेले, असे घडते. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार नाव नंतरही घालता येते. हे काम प्रवासाच्या पुष्कळ आधी उरकावे.

देशोदेशीचे नियम

याबाबत साऱ्या जगाला लागू असा एक नियम नाही. अमेरिका आणि कॅनडा या देशांत संमतिपत्राची कायदेशीर सक्ती नाही. मात्र ते जवळ बाळगावे, असा सल्ला दोन्ही देशांच्या यंत्रणा देतात. ब्रिटनमध्ये मुलाशी असलेल्या नात्याची आणि परवानगीची विचारणा होऊ शकते, विशेषतः आडनावे वेगळी असल्यास. शेंगेन देशांच्या व्हिसासाठी अल्पवयीन मुलाच्या अर्जावर पालकाची सही लागते आणि सोबत एकच पालक असेल, तर दुसऱ्याची संमती सहसा मागितली जाते. दक्षिण आफ्रिकेने १ जून २०१५ पासून जन्माचा सविस्तर दाखला आणि दुसऱ्या पालकाचे प्रतिज्ञापत्र सक्तीचे केले होते. त्यामुळे प्रवाशांची गैरसोय होऊन पर्यटन व्यवसायातून टीका झाली आणि २०१९ मध्ये नियम शिथिल करण्यात आले. हे नियम असे बदलत असल्याने प्रत्येक प्रवासापूर्वी त्या देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावरील सूचना आणि विमान कंपनीची अट तपासणे आवश्यक आहे.

संमतीची सुरुवात पासपोर्टपासून

भारतीय मुलाच्या बाबतीत दोन्ही पालकांच्या संमतीचा प्रश्न पासपोर्टच्या अर्जापासूनच येतो. दोघांची संमती असेल तर परिशिष्ट 'डी' भरून द्यावे लागते. एका पालकाची संमती मिळू शकत नसेल, तर त्याचे कारण नमूद करणारे परिशिष्ट 'सी' अर्जदार पालकाने द्यायचे असते. डिसेंबर २०१६ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने नियम सुटसुटीत केले आणि ही परिशिष्टे साध्या कागदावरील स्वयंघोषणा म्हणून स्वीकारली जाऊ लागली. एकट्या पालकांची जुनी अडचण त्यामुळे बरीच कमी झाली.

या बदलामागे न्यायालयीन निकालांची पार्श्वभूमीही आहे. हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायदा, १९५६ मध्ये वडील आणि 'त्यांच्यानंतर' आई, असा नैसर्गिक पालकांचा क्रम आहे. लेखिका गीता हरिहरन यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये स्पष्ट केले, की 'त्यांच्यानंतर' याचा अर्थ केवळ वडिलांच्या मृत्यूनंतर असा घ्यायचा नाही. वडील मुलाची जबाबदारी घेत नसतील, तर त्यांच्या हयातीतही आई पालक ठरते.

पत्रात काय असावे?

संमतिपत्र इंग्रजीत, एका पानाचे आणि नेमके असावे. त्यात पुढील बाबी याव्यात:

- मुलाचे पूर्ण नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक
- सोबत जाणाऱ्या पालकाचे नाव, मुलाशी नाते आणि पासपोर्ट क्रमांक
- कोणत्या देशात, कोणत्या कारणासाठी आणि कोठे मुक्काम
- जाण्याची आणि परतण्याची तारीख
- गरज पडल्यास वैद्यकीय उपचारांचा निर्णय सोबतचा पालक घेऊ शकेल, असा उल्लेख
- संमती देणाऱ्या पालकाचा पत्ता, दूरध्वनी आणि सही

सही नोटरीसमोर करावी आणि ओळखपत्राची प्रत जोडावी. संमती देणारा पालक नोकरीनिमित्त आखातात किंवा अन्यत्र असेल, तर तेथील भारतीय वकिलातीत सही साक्षांकित करून घेता येते. एखाद्या देशाने अपॉस्टिल शिक्का मागितला, तर तो परराष्ट्र मंत्रालयामार्फत मिळतो. भारत २००५ पासून त्या व्यवस्थेत आहे. नेहमीच्या सहलीसाठी त्याची गरज सहसा पडत नाही. मूळ पत्र हातातील सामानात ठेवावे, तपासणीसाठी दिलेल्या बॅगेत नव्हे.

दुसरा पालक हयात नसेल, तर मृत्यू दाखल्याची प्रत पुरते. घटस्फोट झाला असेल, तर न्यायालयाच्या ताब्याविषयीच्या आदेशाची साक्षांकित प्रत हवी. आदेशात मुलाला देशाबाहेर नेण्यास मनाई किंवा पूर्वपरवानगीची अट असेल, तर दुसऱ्या पालकाच्या तोंडी होकारावर विसंबू नये. त्याच कुटुंब न्यायालयाकडून परवानगी घ्यावी. १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्यानुसार न्यायालयाने नेमलेल्या पालकालाही पाल्यास न्यायालयाच्या अधिकारक्षेत्राबाहेर नेण्यासाठी परवानगी लागते.

परतीची तारीख का महत्त्वाची?

संमतिपत्राचा विचार सहसा जाणाऱ्याच्या सोयीपुरता केला जातो. मागे राहणाऱ्या पालकासाठीही ते तितकेच मोलाचे आहे. हेग करारानुसार मुलाला नेण्यास दुसऱ्या पालकाची संमती होती, हा परतीच्या मागणीविरुद्ध घेता येणारा बचाव आहे. मुदत न लिहिता 'माझी हरकत नाही' एवढेच लिहून दिले, तर पुढे वाद झाल्यास तेच वाक्य लिहून देणाऱ्याच्या विरोधात वापरले जाऊ शकते. परतीची तारीख आणि मुक्कामाचा पत्ता लिहिला, की संमती त्या सहलीपुरतीच होती, हे कागदावर स्पष्ट होते.

भारतीय पालकांनी हे अधिक गांभीर्याने घ्यायला हवे, कारण भारत या कराराचा सदस्य नाही. विधी आयोगाने २००९ मध्ये आपल्या २१८ व्या अहवालात सदस्यत्वाची शिफारस केली आणि २०१६ मध्ये २६३ व्या अहवालात कायद्याचा मसुदाही सुचवला. परंतु पतीच्या छळातून सुटून मुलासह मायदेशी परतलेल्या स्त्रियांचे काय, हा आक्षेपही तितकाच गंभीर होता. सदस्यत्व नसल्याने भारतात आणलेल्या मुलांचे तंटे येथील न्यायालयांत प्रकरणनिहाय सुटतात. परदेशी न्यायालयाचा आदेश हा विचारात घ्यायचा एक मुद्दा असून मुलाचे हित सर्वोच्च, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये घेतली. त्याच कसोटीवर २०२० मधील एका प्रकरणात बालिकेला अमेरिकेत परत नेण्याचा निर्णयही दिला.

परदेशस्थ मराठी कुटुंबांना तर त्या त्या देशाचा कायदाही पाळावा लागतो. ब्रिटनमध्ये पालकत्वाची जबाबदारी असलेल्या सर्वांच्या परवानगीविना मुलाला देशाबाहेर नेणे हा गुन्हा ठरू शकतो. मूल आपल्याजवळ राहील असा न्यायालयाचा आदेश असेल, तर २८ दिवसांपर्यंत नेता येते. अमेरिकेत सोळा वर्षांखालील मुलाच्या पासपोर्टसाठीच सर्वसाधारणपणे दोन्ही पालकांची संमती लागते. महिनाभरासाठी आजी-आजोबांकडे पुण्याला येणाऱ्या आईनेही ही पूर्तता करूनच निघावे.

संमतिपत्र लिहून घेणे म्हणजे जोडीदारावर अविश्वास दाखवणे नव्हे. सलोखा असताना ते लिहिणे दहा मिनिटांचे काम असते. तो संपल्यावर तीच गोष्ट वकिलांकडून करून घ्यावी लागते आणि तोवर मुलाची शाळा, मित्र आणि एक पालक कुठल्यातरी दूरच्या देशात राहून गेलेले असतात.