पदरच्या पैशाने कोइमतूर : एका प्रवासाचा जमाखर्च

सभासद बंधू-भगिनींनो,

२०२४ सालच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मागच्या रांगेतून एका सभासदाने विचारले होते, "अभ्यासदौरा म्हंजी कारखान्याच्या खर्चानं सहल, असंच का न्हाई?" मंडपात हशा पिकला. आम्हीही हसलो, पण प्रश्न मनात राहिला. दुसऱ्या दिवशी गट ऑफिसात तो सभासद भेटला. आम्ही म्हटले, "चला, पदरचे पैसे घालून जाऊ. कारखान्याचा छदाम नको. येता का?" तो गडबडला, पण हो म्हणाला. बघता बघता दहा सभासद तयार झाले. त्यांत दोघी भगिनी होत्या, दोघींचे शेअर त्यांच्या स्वतःच्या नावावर. कोणाची जमीन दीड एकर, कोणाची जास्तीत जास्त चार. अकरावे आम्ही.

त्या प्रवासाचा हा जमाखर्च आहे. त्यात एक खर्च आमच्या चुकीने झाला. तोही लपविलेला नाही.

कोइमतूरच का?

आपण दिवसातून दहा वेळा 'को शहाऐंशी-शून्य-बत्तीस' म्हणतो. हा 'को' म्हणजे कोइमतूर. तेथील ऊस पैदास संस्था १९१२ साली सुरू झाली. बार्बर आणि वेंकटरामन या शास्त्रज्ञांनी उसाचा संकर उसाच्याच कुळातल्या एका रानगवताशी केला आणि १९१८ साली को २०५ ही जात बाहेर पडली. आपल्या वाडवडिलांनी लावलेला को ७४० आणि आज आपल्या रानात उभा असलेला को ८६०३२ ही त्याच घराण्यातली मंडळी. को ८६०३२ ची पैदास कोइमतूरची. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रात तिची पारख झाली आणि १९९६ साली ती 'नीरा' या नावाने महाराष्ट्रात आली. ज्या जातीवर आपला प्रपंच चालतो तिचे माहेर एकदा पाहावे, एवढीच इच्छा.

पैसा कोठून आणायचा?

नोकरदाराला एक तारीख असते. आपल्याला ती नाही. आडसाली लागण केली तर सोळा ते अठरा महिने रानात पैसा घालायचा आणि मग एकदा बिल हाती येते. त्यातूनही सोसायटीचे कर्ज आधी कापून जाते. आपण आपलेच मालक आणि आपलेच गडी. पण मालकाने गड्याला पगार द्यायचा असतो हे आपण विसरतो. बिल आले की दोन महिने हात सैल, आणि पुढे वर्षभर उसनवारी. हे चित्र आम्ही गावोगाव पाहतो.

म्हणून आमचे सांगणे असे. बिल जमा झाले की त्याच आठवड्यात त्याचे तीन वाटे करावेत. पहिला वाटा पुढच्या पिकाचा : बेणे, खत, मजुरी. दुसरा घरखर्चाचा. तो वेगळ्या बचत खात्यात ठेवून पुढचे बिल येईपर्यंत जितके महिने आहेत तितक्या हप्त्यांनी काढावा. तोच आपला पगार. तिसरा वाटा लहान, टनामागे वीस रुपये, फक्त शिकण्या-पाहण्यासाठी. ऐंशी टन ऊस घालणाऱ्याचे हे १,६०० रुपये होतात, अडीच वर्षांत ४,०००. तेवढ्यात आम्ही अकरा जण कोइमतूर पाहून आलो.

पण या प्रवासासाठी कोणीही कर्ज काढू नये. एका सभासदाने "पीककर्जातनं देतो" म्हटले, तेव्हा आम्ही त्यांना थांबविले. त्यांनी घरची एक शेळी विकली आणि मग पैसे भरले. तो त्यांचा हिशेब.

प्रवास

दिवाळी झाली होती आणि हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू व्हायचा होता. मधले सहा दिवस आम्ही धरले. कुर्ल्याहून कोइमतूरला जाणारी गाडी सोलापूरवरून जाते. गावापासून सोलापूरपर्यंत एस.टी. मार्च २०२३ पासून एस.टी.त भगिनींना निम्मे तिकीट असल्याने दोघींचे पैसे वाचले. पुढे स्लीपरचा डबा. रिझर्वेशन सप्टेंबरातच केले होते. त्या वेळी १२० दिवस आधी तिकीट काढता येत असे. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत ६० दिवसांवर आली आहे आणि तत्काळ तिकिटासाठी १ जुलै २०२५ पासून रेल्वेच्या खात्याला आधार जोडावे लागते. ही दोन्ही कामे घरी बसून, घाई नसताना करावीत. निघण्याच्या दिवशी केलेली घाई एजंटाच्या पथ्यावर पडते.

दोन दिवसांचे जेवण घरचेच. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दशम्या. गुंतकल गेले, रात्री बंगळूर गेले, आणि सकाळी कोइमतूरच्या स्टेशनात उतरलो तेव्हा अंगावर रिमझिम पाऊस होता.

येथे आम्ही फसलो

मुक्कामाची सोय आम्ही केली होती. दसऱ्याच्या आधी एका रात्री मोबाइलवर स्टेशनजवळचे एक साधे लॉज शोधले. नावाखाली नंबर होता. फोन लावला, पलीकडच्या माणसाने मोडक्या हिंदीत गोड शब्दांत सांगितले, "तीन रात, ग्यारह आदमी, पूरा पैसा भेजो तो कमरा पक्का." आम्ही ६,६०० रुपये यू.पी.आय.ने पाठवून दिले. पावती म्हणून एक चित्र आले. आम्ही खूश.

लॉजवर गेलो तर मॅनेजर मान हलवू लागला. बुकिंग नाही, पैसे नाहीत, तो नंबरही त्यांचा नव्हे. कोणा भामट्याने त्यांच्या नावाखाली आपला नंबर चिकटवून ठेवला होता. आम्हांला दरदरून घाम फुटला. वर्षानुवर्षे सभासदांना 'दुकानदाराच्या तोंडी शब्दावर खत घेऊ नका, पिशवी वाचा' म्हणून सांगणारे आम्ही, आणि पिशवी न वाचता पैसे मोजून बसलो होतो.

सायबर फसवणुकीसाठी असलेल्या १९३० या नंबरवर तिथूनच फोन केला. तक्रार नोंदवून घेतली गेली, पण महिना उलटून गेला होता. पैसा चोराच्या खात्यात असेतोवर तक्रार पोहोचली तर तो अडविता येतो. एकदा पुढे सरकला की हाती लागणे कठीण. आमचे पैसे परत आले नाहीत.

आम्ही म्हटले, "ही रक्कम आम्ही भरतो. चूक आमची." कोणी बोलेना. मग आमच्यातले वयाने वडील असलेले आप्पा म्हणाले, "सायेब, पाट फुटला तर समदं पाणी पाटकऱ्याच्या पगारातनं कापत्यात व्हय? अकरा जणांचा पाट, अकरा वाटे करा." दोघी भगिनींतल्या काकी हळूच म्हणाल्या, "पर पुढच्या टायमाला पैसे धाडायच्या आदी आमाला इचारा." आम्हांला हे बोलणे लागले, आणि लागायलाच हवे होते. आम्ही कोणालाच विचारले नव्हते. 'साहेबांना कळते' असे सभासदांनी गृहीत धरले, आणि आम्हीही.

त्याच लॉजच्या मॅनेजरने शेजारच्या गल्लीतली साधी जागा दाखविली. माणशी अडीचशे रुपये, खोली आधी पाहून, पैसे नंतर.

संस्थेत काय पाहिले?

संस्थेला आधीच पत्र पाठवून परवानगी घेतली होती. आपल्याकडे उसाला तुरा आला की साखर उतरेल म्हणून आपण कपाळाला हात लावतो. तिथे तुऱ्याला तळहातावरच्या फोडासारखे जपतात. कोइमतूरच्या हवेत उसाला तुरा चांगला येतो आणि त्यात बी धरते, म्हणून तर ही संस्था तेथे आहे. एका जातीच्या तुऱ्यावर दुसरीचा पराग पाडण्यासाठी तुऱ्यांवर कापडी कंदील चढविलेले असतात. को ८६०३२ अशीच को ६२१९८ आणि कोसी ६७१ यांच्या संकरातून आलेली. त्या बारीक बियांतून हजारो रोपे वाढवायची, वर्षानुवर्षे निवडत जायचे, आणि शेवटी हाती लागली तर एखादी जात. जानकी अम्माळ या शास्त्रज्ञ बाईंनी १९३० च्या दशकात याच संस्थेत उसावर काम केले होते, हे आम्ही काकींना सांगितले. त्या म्हणाल्या, "त्या टायमाला? आन् आमी अजून बांधावर बसून बेणं मोजतोय."

तमिळ आम्हांला येत नाही. तेथे मोबाइलने चोख काम केले. मराठीत बोलायचे, यंत्रातून तमिळ ऐकू येई. वाटेतल्या एका शेतकऱ्याशी आप्पांनी अर्धा तास सरीच्या अंतरावर वाद घातला. दोघांनाही एकमेकांची भाषा कळत नव्हती, पण साडेचार फूट म्हणजे किती हे दोघांनी हाताने दाखविले. संध्याकाळी टाऊन बसने पेरूरचे महादेवाचे देऊळ पाहिले. केळीच्या पानावर जेवलो.

निघताना एका तरुण सभासदाने शेजारच्या शेतातली दोन टिपरी पिशवीत घातली होती. आम्ही ती परत ठेवायला लावली. त्याला राग आला. पण रोग बेण्यातूनच प्रवास करतो. गवताळ वाढ, लाल कूज ही दुखणी कांडीत लपून येतात. उत्तर प्रदेशात को ०२३८ या जातीने राज्य केले आणि मग लाल कुजीने तिलाच घेरले, हे ताजे उदाहरण आहे. जात आणायची तर मूलभूत, पायाभूत, प्रमाणित या तीन पायऱ्यांनीच, उष्ण बाष्प हवेची ५४ अंशांवर अडीच तास प्रक्रिया केलेल्या मूलभूत बेण्यापासून. फुकटची दोन टिपरी गावाला फार महाग पडतील.

हिशेब

प्रत्येकी जमा : ४,००० रुपये.

खर्च माणशी असा : रेल्वे जाऊन-येऊन १,१२०, एस.टी. व टाऊन बस सरासरी २४०, तीन रात्रींचा मुक्काम ७५०, जेवण-चहा ८४०, किरकोळ १५०. एकूण ३,१००. फसवणुकीत गेले ६,६००, त्याचा माणशी वाटा ६००. सर्व मिळून ३,७००. उरलेले ३०० रुपये प्रत्येकाला सोलापूर स्टेशनवरच परत केले.

मोबाइल हे अवजार आहे

त्याच मोबाइलने तिकीट काढले, रस्ता दाखविला, तमिळ बोलून दाखविले, आणि त्याच मोबाइलने आम्हांला लुटले. दोष विळ्याचा नसतो, धरणाऱ्या हाताचा असतो. म्हणून चार गोष्टी :

नुसत्या शोधात सापडलेल्या नंबरवर पैसे पाठवू नयेत. ती जागा दुसऱ्या मार्गाने पडताळावी, आणि शक्य तो तेथे गेल्यावर पैसे द्यावेत.

पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. 'पैसे पाठवतो, पिन टाका' म्हणणारा चोर समजावा.

मोठ्या बिलाच्या खात्याला यू.पी.आय. जोडू नये. प्रवासापुरती रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी. आम्ही असे केले होते, म्हणून नुकसान ६,६०० वर थांबले.

फसलात तर लाजू नका. त्याच तासाला १९३० वर फोन करा. आम्हांला कळायला महिना लागला, तुम्हांला लागू नये.

प्रवासातून काय निघाले?

टन किती वाढले ते तोडणीनंतरच सांगता येईल, आज सांगणे खोटेपणाचे होईल. पण परतीच्या गाडीत आप्पांनी विचारले, "सायेब, माझ्या रानातलं को ८६०३२ कुठनं आलंय?" हिशेब काढला तर त्यांनी ते पाहुण्याकडून, पाहुण्याने शेजाऱ्याच्या खोडव्यातून, असे पंधरा वर्षे फिरलेले बेणे निघाले. जातीचे नाव तेच, ताकद गेलेली. दर तीन वर्षांनी बेणे बदला, हे आम्ही मेळाव्यांत सांगून थकलो होतो. जे भाषणाने झाले नाही ते त्या कापडी कंदिलांनी केले. दहांपैकी चौघांनी परत आल्यावर बेणेमळ्याची मागणी नोंदविली. आप्पांचे नाव पहिले.

ज्यांना एवढे लांब जाणे नको, त्यांच्यासाठी एस.टी.ची 'आवडेल तेथे प्रवास' ही योजना १९८८ पासून आहे, चार किंवा सात दिवसांच्या पासाची. त्यावर १९३२ साली सुरू झालेले पाडेगाव आणि मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट दोन्ही पाहून होतील.

सभेत प्रश्न विचारणारा तो सभासद कोइमतूरहून येताना खिडकीशी बसला होता. आम्ही म्हटले, "काय, सहल झाली?" तो म्हणाला, "झाली की. पर पैसं माझं हुतं, म्हून समदं नीट बघितलं."

पुढच्या वेळी कोणाला यायचे असेल त्यांनी गट ऑफिसात नाव द्यावे. मुक्काम कोठे करायचा ते या वेळी काकींना विचारून ठरवू.

आपला,
ऊस विकास अधिकारी