पक्ष्यांचे पाणपात्र : कुंडी कारागिरांसाठी एक जोडमाल

सिमेंटच्या कुंड्या, जाळ्या आणि चौकटी बनविणारे आपले अनेक बांधव रस्त्यालगत माल मांडून बसतात. झाडे लावण्याचे दिवस पावसाळ्याचे, त्यामुळे उन्हाळ्यात कुंडीला उठाव कमी. नेमक्या याच दिवसांत खपणारी वस्तू म्हणजे बागेत ठेवायचे पक्ष्यांचे शोभिवंत पाणपात्र. नाशिकचे पक्षिमित्र मोहम्मद दिलावर यांच्या संस्थेच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिन पाळला जातो. माल त्याआधी दुकानात लागायला हवा, म्हणजे काम हिवाळ्यातच उरकले पाहिजे.

बाजारातील पुष्कळ पात्रांत एक मोठा दोष आहे. ती कुंडीसारखी खोल आणि आतून गुळगुळीत घोटलेली असतात. दिसतात देखणी, पण चिमणी त्यात उतरत नाही. लहान पक्ष्याला पाय टेकेल एवढेच पाणी लागते आणि पाय घसरला तर तो पुन्हा येत नाही. काठाशी अर्धा इंच व मध्यभागी फार तर दोन इंच, आणि मधला उतार हळूहळू, एवढे माप कारागिराने लक्षात ठेवावे. गिलाव्याच्या कामात कसलेल्या हाताला शेवटी घोटाई करण्याची सवय असते. इथे ती आवरावी लागते.

आम्हाला पसंत पडलेली रीत सागाच्या पानाची आहे. पाने गळण्यापूर्वी, डिसेंबरपर्यंत हे काम करता येते. सपाट जागी ओल्या वाळूचा दोन इंच उंचीचा पसरट ढीग करावा. ढिगाची उंची तीच पात्राची खोली. त्यावर प्लास्टिकचा कागद आणि कागदावर सागाचे मोठे पान, शिरांची बाजू वर ठेवून, पसरावे. एक भाग सिमेंट व तीन भाग चाळलेली वाळू बेताच्या पाण्यात मळून पाऊण इंच थर द्यावा, त्यावर कोंबडीजाळीचा तुकडा दाबावा आणि वर पुन्हा तेवढाच थर द्यावा. हातात रबरी मोजे हवेतच. ओले सिमेंट कातडी खाते. थर ओला असतानाच तळाच्या मध्यभागी पाइपाचा आखूड तुकडा उभा करून मालाने भरावा. तोच पुढे खांबाच्या भोकात बसतो. पात्र व खांब कायमचे जोडू नयेत, नाहीतर टेम्पोत नेताना मान तुटते.

दोन दिवसांनी पात्र उलटून पान सोलून काढावे. आत शिरांची सुंदर नक्षी उमटलेली असते आणि तिच्याच खाचांमुळे पक्ष्याचा पाय धरतो. लालसर रंग हवा असल्यास सिमेंटच्या वजनाच्या पाच टक्क्यांपर्यंत लाल ऑक्साइड मालातच मिसळावे. आतून तैलरंग मुळीच लावू नये.

यापुढचे काम बहुतेकजण टाळतात. पात्र ओल्या गोणपाटाखाली दहा दिवस राहू द्यावे. नंतर ते पाण्याने भरून ठेवावे व तीन-चार दिवस रोज पाणी बदलावे. ताज्या सिमेंटमधील चुन्याचा अंश पाण्यात उतरतो आणि ते पाणी पक्ष्याच्या पिण्यालायक नसते. घाईने विकलेला असा माल फसवणुकीत मोडतो, मग गिऱ्हाइकाला ते कळो वा न कळो.

हिशेब असा. १८ इंच व्यासाचे, दीड इंच जाडीचे पात्र सुमारे १४ किलो भरते. सांडलवंड धरून ५० किलोच्या एका गोणीत १४ पात्रे व्हावीत. खांब त्याहून वेगळे. खरा खर्च मजुरीचा आणि पंधरवडाभर अडकणाऱ्या जागेचा आहे, तो दरात धरावा.

काठावर सिमेंटचा पोपट बसविण्याची टूम आहे. आपल्यापैकी अनेकांना सजीवाची प्रतिमा घडविणे रुचत नाही. त्यावाचून काही अडत नाही. जाळीकामातली अष्टकोनी चांदणी खांबावर उठविली तर पोपटापेक्षा उजवी दिसते.

विकताना गिऱ्हाइकाला चार गोष्टी सांगाव्यात. पात्र सावलीत ठेवावे. झुडूप जवळ असावे, पण मांजर दबा धरू शकेल इतके जवळ नसावे. सहा-सात फूट अंतर पुरे. कावळे त्यात पोळीचे तुकडे भिजवून पाणी नासवतात, म्हणून साबणाशिवाय ब्रशने घासावे. आणि दर दोन दिवसांनी पाणी ओतून टाकावे. डेंग्यूच्या डासाला अंड्यातून बाहेर पडून उडायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. पावसाळ्यात पात्र पालथे घालून ठेवलेले बरे. हे सारे एका चिठ्ठीवर मराठीत छापून प्रत्येक पात्रासोबत द्यावे. शंभर चिठ्ठ्यांच्या झेरॉक्सला फारसे पैसे पडत नाहीत.