कन्हानकाठच्या विहिरींचा हिशेब

नागपूर जिल्ह्यातल्या मौद्याच्या एनटीपीसी वीजकेंद्राचा पहिला संच २०१२ मध्ये सुरू झाला. २०१७ पर्यंत चार संच उभे राहिले आणि क्षमता २३२० मेगावॅटवर गेली. धानाच्या बांध्यांच्या या मुलखात चिमण्या नव्या असल्या, तरी कन्हानच्या खोऱ्याला कोळशाची राख नवी नव्हती. वरच्या अंगाला कोराडीत १९७४ पासून, तर खापरखेड्यात त्याही आधीपासून कोळसा जळत होता. मौद्याच्या पाण्याबद्दल बोलायचे तर आधी या शेजाऱ्यांचा इतिहास पाहावा लागतो.

आपल्याकडच्या कोळशात राखेचे प्रमाण तीस ते पंचेचाळीस टक्के असते. शंभर टन कोळसा जाळला की निदान तीस टन राख उरते. ती पाण्यात कालवून नळांतून तलावात सोडायची, ही जुनी पद्धत. राख तळाशी बसते आणि पाणी मुरत राहते. आर्सेनिक, शिसे, पारा, बोरॉन अशी द्रव्ये राखेत असतातच. त्यांतली काही पाण्याबरोबर खाली उतरतात. तलावाच्या बुडाला अस्तर नसेल तर वाटेत अडवणारे काही नसते.

पेट्रोल-डिझेल जमिनीत झिरपले तर ते भूजलावर तरंगते आणि वासाने स्वतःची वर्दी देते. चेन्नईच्या तोंडियारपेठेत २०१३ मध्ये इंधनवाहिनी गळली, तेव्हा रहिवाशांना ते आपल्या बोअरच्या पाण्यावरूनच कळले. राखेतला आर्सेनिक ना वास देतो, ना रंग, ना चव. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. ती ओलांडली की नाही, हे गावातली कुठलीही अनुभवी जीभ सांगू शकत नाही. म्हणून इथे प्रयोगशाळेवाचून गत्यंतर नाही. प्रयोगशाळेचा एक आकडाही पुरत नाही, कारण तो आजचा असतो. आधी पाणी कसे होते ते माहीत नसेल, तर वाद तिथेच अडतो: हे राखेचे की मुळातल्या खडकाचे?

कोराडीची अडचण नेमकी ही होती. जल प्रदूषण प्रतिबंधक कायदा १९७४ चा, पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ चा, आणि पर्यावरण आघात अहवालाची सक्ती १९९४ ची. केंद्र उभे राहिले त्याच वर्षी पहिला कायदा आला, बाकीचे मागाहून आले. राखेच्या वापराची पहिली अधिसूचनासुद्धा सप्टेंबर १९९९ ची, म्हणजे पहिल्या संचानंतर पंचवीस वर्षांनी.

नोव्हेंबर २०२१ मध्ये मात्र एक अहवाल आला. नागपूरचे सेंटर फॉर सस्टेनेबल डेव्हलपमेंट आणि पुण्याचे मंथन अध्ययन केंद्र यांनी असर या संस्थेच्या साथीने कोराडी-खापरखेडा परिसरातल्या २१ गावांचे पाणी आणि राख तपासली. पारा, आर्सेनिक, शिसे ही द्रव्ये अनेक नमुन्यांत मर्यादेबाहेर निघाली. हे काम नागरिकांच्या संस्थांना करावे लागले, याची मला आजही खंत वाटते. ज्या शहरात १९५८ पासून नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आहे, केंद्रीय भूजल मंडळाचे प्रादेशिक कार्यालय आहे, प्रदूषण नियंत्रण मंडळाचेही कार्यालय आहे, त्याच शहराच्या उंबरठ्यावरची ही गावे. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्याचे तेव्हाचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे नांदगावच्या राख तलावावर आले आणि तिथे राख टाकणे थांबवण्याचा आदेश निघाला. पाठोपाठ जुलैच्या मुसळधार पावसात खसाळ्याच्या राख तलावाचा बांध फुटला. राखेचा लोंढा शेतांत शिरला आणि कोलार नदीतून कन्हानच्या दिशेने गेला. फुटलेला बांध सगळ्यांना दिसला, छायाचित्रे छापून आली. तळातून मुरणाऱ्या पाण्याचे छायाचित्र काढता येत नाही, आणि माझ्या मते जास्त काळ टिकणारे संकट तेच आहे.

मौद्याची गोष्ट इथे वेगळी होते. हे केंद्र आघात अहवालाची सक्ती आल्यानंतरचे. अशा अहवालासाठी साधारण दहा किलोमीटरच्या परिघातल्या विहिरींचे आणि मातीचे नमुने प्रकल्पाआधीच घेतले जातात. पुढे दर सहा महिन्यांनी मंजुरीच्या अटींचा अनुपालन अहवाल द्यावा लागतो. कोराडीकडे जे कधीच नव्हते ते मौद्याकडे आहे: राखेच्या आधीचा आकडा. तो कागदांत पडून राहिला तर त्याचा गावाला उपयोग नाही.

पुढची तपासणी त्याच विहिरींवर व्हायला हवी. पाणी कुठून कुठे वाहते ते ठरवून राख तलावाच्या वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही बाजूंना निरीक्षण विहिरी हव्यात. नमुने पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर घ्यायचे, कारण धानाच्या बांध्यांत पाणी भरले की भूजलाची पातळी चढते आणि आकडे बदलतात. हातपंपाचे साचलेले पाणी आधी उपसून टाकायचे, मग बाटली भरायची. धातूंच्या तपासणीसाठीच्या बाटलीत नायट्रिक आम्लाचे थेंब हवेतच, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतात आणि अहवालात पाणी स्वच्छ दिसते. चुकीच्या बाटलीमुळे गावाला खोटा दिलासा मिळू शकतो, म्हणून नमुना घेताना गावातले कुणीतरी सोबत उभे असावे.

कायद्याचे बळही वाढले आहे. डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने राखेचा पूर्ण वापर बंधनकारक केला आणि न वापरलेल्या राखेवर टनामागे हजार रुपये भरपाई लावली. जुलै २०२५ मध्ये प्रदूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम आले. त्यांनुसार जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी संशयित प्रदूषित जागांचा अहवाल द्यायचा, राज्य मंडळाने नव्वद दिवसांत प्राथमिक तपासणी करायची आणि प्रदूषण सिद्ध झाले तर सफाईचा खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून घ्यायचा. नागपूर जिल्ह्याच्या अशा अहवालात नांदगाव, वारेगाव, खसाळा या राख तलावांची नावे यायला हवीत. मौदा तालुक्यातल्या ग्रामपंचायतींनी आघात अहवालातले आपल्या विहिरींचे मूळ आकडे मागून घ्यावेत आणि दर उन्हाळ्यातला नवा आकडा त्यांच्या शेजारी लिहीत जावा.